रघूकाकांनी गाडीला मेण पाजलं

रघूकाका कोळी कुठल्याही गोष्टीला हात लावल्याशिवाय तिच्याबद्दल मत देत नाहीत. मग ती भिंत असो, भोपळा असो, नाहीतर माणूस. आमची ओळख झाली तेव्हा त्यांनी आधी माझा दंड दाबून पाहिला.

"कापूस हाय सगला. कुठचा तू?"

"बार्शीचा."

"समुद्र हाय तिथं?"

"समुद्र? आमच्याकडे नळाला पाणी आलं तरी बातमी होते."

"म्हनून," असा निकाल देऊन त्यांनी दंड सोडला. तेव्हापासून मी 'बार्शी'. माझं नाव वैभव आहे हे त्यांना ठाऊक आहे, पण ते नाव ते माझ्या लग्नपत्रिकेसाठी राखून ठेवणार असावेत.

मी परळला अप्पांकडे पेइंग गेस्ट म्हणून राहतो. अप्पा म्हणजे आमच्या सोसायटीचे चेअरमन. वय चौऱ्याहत्तर, बुशशर्टाला कडक इस्त्री आणि मांदेलीवर निस्सीम प्रेम. ही मासळी घेऊन येणाऱ्या राधाबाई म्हणजे रघूकाकांची बायको. वीस वर्षं त्या वरळी कोळीवाड्यातून टोपली घेऊन आमच्या बिल्डिंगीत येताहेत. इमारतीतल्या कुणाच्या पोटात काय चाललंय हे डॉक्टरच्या आधी त्यांना कळतं. रघूकाका त्यांच्या मागोमाग आले आणि इथल्या तीन-चार गाड्या रोज सकाळी फडक्याने पुसू लागले.

त्यांचा मूळ धंदा होड्यांचा. मासे धरण्याचा नव्हे, होड्या सांभाळण्याचा. होडी किनाऱ्यावर ओढली की ती खरवडायची, फटी बुजवायच्या, तेल पाजायचं, रंग द्यायचा. कोळीवाड्यात कुणाच्याही लाकडी होडीवर हात फिरवून ते सांगत, हिला दोन वर्षांत तेल मिळालेलं नाही. हे सांगताना त्यांचा चेहरा असा व्हायचा, जणू सासरी एखाद्या मुलीला उपाशी ठेवलंय. पुढे फायबरच्या होड्या आल्या. फायबरला तेल लागत नाही. रघूकाकांनी तेलाचा ब्रश ठेवला आणि गाड्यांचं फडकं उचललं.

पण चाळीस वर्षं ब्रश मारलेला उजवा खांदा गेल्या दिवाळीपासून संपावर गेला. हात कानाच्या वर जाईना. गाडीचं टप पुसायचं तर स्टुलावर चढून डाव्या हाताने. मुलगा निमेश लोअर परळच्या एका टॉवरमध्ये अॅडमिनला आहे. त्याने बापासाठी तिथेच गेटवरची नोकरी बघितली. वर्दी, खुर्ची, डोक्यावर पंखा. फॉर्मसुद्धा आणून दिला. सोमवारी भरून द्यायचा होता.

रघूकाका तो फॉर्म शर्टाच्या खिशात घेऊन फिरायचे आणि दिसेल त्याला ऐकवायचे. "दिवसभर खुर्चीवर बसायचं, दुसऱ्याची गाडी आली का गेट उघडायचं. गाडीला हात लावायचा नाय. मंग मी तिथं कशाला? खांब लाव ना."

"खांबाला सलाम करता येत नाही, काका," मी म्हणालो.

"मना बी येत नाय. खांदा दुखतो."

सुनेला मात्र सासऱ्याचं म्हणणं पटलं. शेफालीने नवऱ्याला न सांगता फोनवरून एक पॉलिशचं मशीन मागवलं. दोन बाजूंना दोन मुठी, मध्ये मोटर, खाली फोमची गोल थाळी. एकूण दिसायला पालथी कढई. थाळीवर चढवायला टॉवेलच्या कापडाच्या टोप्या, बारशाला बाळाला घालतात तशा. ही थाळी जागच्या जागी डुलत डुलत फिरते. आपण फक्त मुठी धरायच्या, घासायचं काम ती करते. खांद्याने निवृत्ती घेतलेल्या माणसासाठी यापेक्षा बरी सून कुठे मिळणार?

मशीनबरोबर इंग्रजी पत्रक होतं आणि ते वाचायला मी. आमच्या शाळेतले इंग्रजीचे सर सांगायचे, आधी क्रियापद धरा, बाकीचं वाक्य शरण येतं. मी एकेक क्रियापद धरत गेलो. गाडी धुऊन कोरडी करा. पॉलिश गाडीवर ओतू नका, टोपीवर लावा. मशीन गाडीवर टेकवा, मग चालू करा. बंद करा, मग उचला. दाबू नका, मशीनचं वजन पुरेसं आहे. वायर खांद्यावरून मागे टाका. आधी पॉलिश, नंतर मेण. मेणाचा थर पातळ. काम सावलीत.

रघूकाकांनी सगळं डोळे मिटून ऐकलं. शेवटच्या दोन वाक्यांना त्यांनी एक डोळा उघडला होता, हे मला नंतर आठवलं.

आता मशीन आलं, पण ते चालवायचं कुठे? कोळीवाड्याच्या गल्लीत गाडीच काय, दोन जाडी माणसं समोरासमोर आली तर एकाला मागे जावं लागतं. आमच्या बिल्डिंगीखाली पार्किंग आहे आणि पंपाच्या खोलीशेजारी एक रिकामा कोपरा. तिथे प्लगही आहे. तो कोपरा मिळाला तर रघूकाकांचं दुकान थाटलं जाणार होतं. नाही मिळाला तर फॉर्म होताच खिशात.

कोपऱ्याची बोलणी राधाबाईंनी केली. अप्पांच्या ताटलीत मांदेली घालता घालता.

"अप्पा, आमच्या मानसाला तो कोपरा द्या की."

"माझ्या हातात काय आहे, राधाबाई? मीटिंगमध्ये ठराव लागतो."

"मंग ठराव तुमीच करता ना?" राधाबाईंनी मूठभर मांदेली परत टोपलीत टाकायची तयारी दाखवली.

"थांबा, थांबा! रविवारी अकराला मीटिंग आहे. तोपर्यंत त्याने माझी गाडी करून दाखवावी. लोकांनी डोळ्यांनी बघितलं की मी विषय मांडीन. मात्र गाडीला काही झालं तर विषय संपला."

मूठ ताटलीत आली.

अप्पांची गाडी मरून रंगाची आहे. म्हणजे होती. पंचवीस वर्षांच्या उन्हाने तिचं टप आणि बॉनेट असं झालं होतं, की रंग विचारला तर माणूस दोन मिनिटं विचार करेल. दर रविवारी शिवाजी पार्कपर्यंत एक चक्कर, बाकी आठवडाभर कव्हराखाली आराम. अप्पांची बायको गेल्यावर शेजारची सीट त्यांनी कुणालाच दिलेली नाही. मलाही मागे बसवतात, त्यामुळे सिग्नलला लोक मला साहेब आणि त्यांना ड्रायव्हर समजतात. मी तो गैरसमज दूर करत नाही.

सरावासाठी शुक्रवारी अप्पांचं लोखंडी कपाट निवडलं. वायर खांद्यावरून टाकायला काकांना शिकवावं लागलं नाही. जन्मभर दोर असाच टाकलेला. मशीन सुरू झालं, कपाटाचं दार चमकायला लागलं आणि रघूकाकांना इतका आनंद झाला, की मला दाखवायला त्यांनी मशीन तसंच, चालू, उचललं.

पॉलिश अप्पांच्या चष्म्यावर, कॅलेंडरातल्या एकादशीवर आणि माझ्या ऑफिसच्या शर्टावर समप्रमाणात उडालं.

"बंद करा, मग उचला," मी तोंड पुसत म्हणालो. "पत्रकातलं चौथं वाक्य."

"आता सांगतो!"

"आधीच सांगितलं होतं की!"

"मोठ्यानं सांगायचं, बार्शी. मशीनचा आवाज हाय."

शनिवारी दुपारी गाडी धुतली आणि पार्किंगच्या सावलीत पॉलिशला घेतली. पहिल्याच फेरीत पांढरी टोपी लाल झाली. अप्पा वरच्या गॅलरीतून ओरडले, "अरे, रंग निघतोय! थांबव!"

"मेलेला रंग हाय तो, अप्पा," काका खालूनच म्हणाले. "जिता खाली हाय. बगा."

फडक्याने पुसलं तर खरोखर मरून. सपाट भाग मशीनने झाले, कडा आणि दाराच्या मुठींच्या खाचा त्यांनी डाव्या हाताने केल्या. कडेला रंग पातळ असतो, तिथे मशीन न्यायचं नाही, हे पत्रकात शेवटी बारीक अक्षरांत होतं. मी ते वाचलंच नव्हतं. काकांनी कडेवर बोट फिरवलं आणि त्यांना ते कळलं. अप्पा चहा घेऊन खाली आले, गाडीभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या आणि बॉनेटकडे बघत म्हणाले, "आमच्या हिने हाच रंग निवडला होता." चहाचा कप स्वतः काकांच्या हातात दिला.

मेण राहिलं होतं. ते रविवारी सकाळी.

रविवारी नऊ वाजता मी खाली आलो तर गाडी पार्किंगमध्ये नाही. ती बाहेर अंगणात, एप्रिलच्या भर उन्हात उभी. वॉचमनच्या केबिनमधून वायर ओढलेली आणि काका मेणाचा डबा उघडून बसलेले.

"काका, सावली!"

"सावलीत कुठं काय पितं? पत्रा तापला पायजे. होडी उन्हात तापवायची, मंग तेल द्यायचं. अशी गटागटा पिते!"

"पत्रकात लिहिलंय, पातळ थर."

"कंजूस लोक. त्यांना काय, डबा पुरवायचा हाय. भुकेली हाय बिचारी, पंचवीस वर्षांची."

इथे मी बोलायला हवं होतं. पण आदल्या दिवशीची कड आठवली. पत्रक न वाचता त्या माणसाला जे कळलं, ते पत्रक हातात असून मला कळलं नव्हतं. शिवाय बार्शीत मोठ्यांपुढे गप्प बसायला फार लहानपणी शिकवतात. अप्पा बसने पार्कात फिरायला गेले होते, तेव्हा तेही नव्हते.

काकांनी टप, बॉनेट, डिकी, सगळीकडे मेण पाजलं. घसघशीत. थालीपिठाला लोणी लावतात तसं.

सव्वा दहाला ते काढायला घेतलं. नवी कोरी टोपी चढवली, मशीन टेकवलं, चालू केलं. थाळी डुलली, गुरगुरली आणि नुसती घसरत राहिली. मेण हलेना. उन्हाने ते भाजून गाडीला चिकटलं होतं. टोपी गच्च झाली. दुसरी चढवली, तीही गच्च. मरून गाडीवर पांढरे, मळकट, दगडी ढग. काकांनी मशीन बंद केलं, मग उचललं. एवढं मात्र चुकले नाहीत.

तेवढ्यात राधाबाई टोपली घेऊन आत आल्या.

"या बाई! गाडीला चुना कोनी फासला?"

"मेन हाय," काका पुटपुटले. "पीत नाय."

"पत्रा कशाला पीतो? लाकूड हाय का तो? फायबरच्या होडीला कवा तेल पाजलं तुमी?"

काकांनी गाडीवर तळहात ठेवला आणि चटका बसला तरी काढला नाही. ज्या फायबरने त्यांचा धंदा घालवला, त्याचीच गोष्ट ते विसरले होते. डोळ्यांना गाडी दिसली, पण हाताला ती होडीच वाटली होती.

ते पंपाच्या खोलीच्या पायरीवर जाऊन बसले. त्याच कोपऱ्यात. खिशातून फॉर्म काढला आणि मांडीवर सरळ केला.

"बार्शी, पेन हाय?"

माझ्या खिशात पेन होतं. मी नाही म्हणालो.

राधाबाईंनी टोपली खाली ठेवली. मला वाटलं, आता समजूत घालतील. त्या म्हणाल्या, "बसा. फॉर्म भरा. वर्दी चांगली दिसंल तुमाला. पन आदी त्या मानसाची गाडी साफ करा. मी वीस वर्सं या दारात म्हावरा विकतंय, मना रोज त्यांच्या तोंडाकडं बगायचं हाय."

काका उठले. अंगठ्याच्या नखाने बॉनेटच्या कोपऱ्यातला एक ठिपका खरवडून पाहिला, नाकाशी धरला. मग डब्यातलं ताजं मेण बोटावर घेतलं आणि त्याच ठिपक्यावर हळूहळू चोळू लागले. एकाच जागी, बराच वेळ. मग बनियनच्या टोकाने पुसलं.

रुपयाएवढा मरून गोल.

"जुनं तेल होडीवर चिकट धरून बसतं ना," ते स्वतःशीच म्हणाले, "त्यावर नवं थोडं चोलायचं. ते जुन्याला सोडवतं." आणि मग एकदम मोठ्याने, "गाडी सावलीत घे रे! गार होऊ दे हिला!"

याच वेळी अप्पा गेटातून आत आले. पाठोपाठ मीटिंगसाठी सभासद उतरू लागले, हाफपँटीत, हातात चहाचे कप. प्लास्टिकच्या खुर्च्या अंगणात मांडल्या जात होत्या आणि मधोमध ती गाडी.

"अप्पा, गाडीला गोवर आला का हो?" चौथ्या मजल्यावरच्या विनीतने विचारलं. लोक हसले.

अप्पा हसले नाहीत. "रघू. हे काय आहे?"

"चूक हाय, अप्पा. माजी. या पोरानं सावली सांगितलेली, मी ऐकलं नाय. रंगाला काय झालं नाय, वरचं मेन भाजलंय. मना एक तास द्या."

"मीटिंग अकराला आहे."

"मंग मीटिंग तिथं सावलीत घ्या. मी काम करतो, तुमी बोला."

अप्पांनी बॉनेटवरचा तो रुपयाएवढा गोल पाहिला. चष्मा काढून, वाकून पाहिला. मग चष्मा लावून सभासदांकडे वळले. "बघताय काय? धक्का द्या."

सोसायटीने दहा वर्षांत एकजुटीने केलेलं हे पहिलं काम असावं. विनीत आणि तिसऱ्या मजल्यावरच्या मृणालिनीताई डिकीला, मी दाराशी, अप्पा आत स्टिअरिंगवर. गाडी पार्किंगच्या सावलीत आली आणि मागोमाग खुर्च्याही.

पहिला विषय पार्किंगच्या स्लॅबची गळती. तो दर वर्षी पहिलाच असतो. इकडे अप्पा मागच्या सभेचं इतिवृत्त वाचत होते, तिकडे काका ओलं फडकं फिरवून पत्रा गार करत होते. राधाबाईंनी टोप्या साबणाने धुऊन, पिळून, वॉचमनच्या टेबलफॅनसमोर धरल्या होत्या. मग काकांनी टोपीवर मेण घेतलं. या वेळी इतकं थोडं, की पत्रक लिहिणाराही हळहळला असता. मशीन टेकवलं. चालू केलं.

"ऐकू येत नाहीये!" मृणालिनीताई ओरडल्या. त्या खजिनदार आहेत, त्यांना सगळं ऐकू यावं लागतं.

"गळतीचं गेल्या वर्षीचं ऐकलंयत ना?" विनीत म्हणाला. "तेच आहे."

काका एक हातभर जागा घेत. ताजं मेण फिरवत, बंद करत, उचलत, टोपी बदलत, पुन्हा फिरवत, पुसत. मग शेजारची हातभर. पांढरा ढग एका बाजूने खाल्ल्यासारखा कमी होत चालला. खांदा खालीच होता. दोन्ही मुठी कमरेच्या उंचीवर आणि पालथी कढई आपली डुलतेय. हळूहळू एकेक खुर्ची अप्पांकडून गाडीकडे वळली. गळतीवर बोलत असलेले गृहस्थ बोलता बोलता थांबले आणि बॉनेटकडे बोट दाखवून म्हणाले, "हे बघा! हे बघा!"

बॉनेटच्या आरशात डोक्यावरच्या स्लॅबचा ओलसर डाग लख्ख दिसत होता. किती पसरलाय ते मान वर करून आजवर कुणी नीट पाहिलंच नव्हतं. गळतीच्या दुरुस्तीचा ठराव एकमताने पास झाला.

साडेबाराला गाडी झाली. टपाच्या मागच्या कडेला एक पुसटशी रेघ राहिली. ती अजून आहे. काका म्हणतात ती आधीपासूनची, अप्पा म्हणतात नव्हती.

मग अप्पांनी कोपऱ्याचा विषय मांडला. मृणालिनीताईंनी हात वर केला. कॉमन लाईटचा प्लग फार दिवस चालणार नाही, महिन्याभरात वेगळा मीटर लावावा. दुपारी दोन ते चार मशीन बंद, मुलं झोपतात. जमीन रोज धुवायची. तीन महिने बघू, मग पुढचं. काका प्रत्येक अटीला मान डोलवत होते.

"आणि काम सावलीतच करायचं," त्या शेवटी म्हणाल्या. "हे इतिवृत्तात लिहा, अप्पा."

सगळे हसले. या वेळी अप्पाही. बाजूने हात वर करा म्हटल्यावर काकांनीही चुकून आपला हात वर केला. उजवा. कानापर्यंत आला आणि तिथेच राहिला. ते सभासद नाहीत, हे कुणीच काढलं नाही.

संध्याकाळी अप्पा चक्कर मारायला निघाले. मी सवयीने मागचं दार उघडलं. "रघू, बस," अप्पा म्हणाले आणि पुढचं दार त्यांनी आतून उघडलं. काकांनी आधी सीटवर हात फिरवून पाहिला, मगच बसले. मी मागे, साहेब.

सोमवारी आठला मी ऑफिसला निघालो तर कोपऱ्यातून गुरगुर ऐकू येत होती. मृणालिनीताईंची पांढरी गाडी, तिच्यावर वाकलेले काका, खांद्यावरून मागे टाकलेली वायर. भिंतीवर मी मोठ्या अक्षरांत मराठीत उतरवून दिलेलं पत्रक चिकटवलेलं. पायरीवर ठेवलेला त्यांचा फोन वाजत होता आणि त्याखाली तो फॉर्म, कोराच, घडी करून. आधी मेणाचा डबा ठेवल्याने त्यावर गोल डाग पडला होता.

"काका, फोन! निमेशचा!"

"तू घे! मशीन चालू हाय!"

मी फोन घेतला. पलीकडून घाईघाईचा आवाज आला, "बाबा, फॉर्म आणताय ना? कुठे आहात?"

मी काकांकडे पाहिलं. त्यांनी मान वर केली नाही, थाळी हातभर पुढे सरकवली आणि मशीनवरून ओरडले, "सांग त्याला, बाप कामावर गेलाय!"